जाळीतला की शेजारचा

आमच्या लातूरच्या डाळ मिलमध्ये खोक्यांची थप्पी लावायला रोबोट घ्यायचं ठरलं, आणि नांदेडचं दुकान सांभाळणाऱ्या दादाचं नि माझं पहिल्या दिवसापासून बिनसलं. त्याला हवा होता मोठा, झपाट्यानं चालणारा, भोवती जाळी ठोकून आत कुणालाही फिरकू न देणारा. मी कोबॉटवर अडून बसले. तो छोटा असतो, हळू चालतो, पण माणसाच्या शेजारी उभा राहून काम करतो आणि कुणाचा धक्का लागला की जागच्या जागी थांबतो.

माझा हट्ट मावशींसाठी होता. मावशी मूळच्या देवणीकडच्या, आमच्याकडे खोक्यांना टेप लावतात. आधी चाळणीवर होत्या. तिथल्या धुळीनं दमा जडला म्हणून मीच त्यांना इकडे आणलं. जाळीतला रोबोट आला की टेपही मशीनच लावणार. मग मावशींनी पुन्हा धुळीत जायचं, नाहीतर घरी बसायचं.

विक्रेत्यानं कोबॉट चाचणीसाठी आणून दिला आणि तो दिवसभर अडायला लागला. इंजिनिअर तपासून गेला, बिघाड काही सापडेना. शेवटी मीच खुर्ची टाकून बसले. मावशींना पलीकडे जायचं असलं की गोठ्यात बैल सरकवावा तशा त्या कोबॉटला कोपरानं ढोसायच्या. वर “सरक की रे जरा” हेही. तो बापडा लगेच थांबायचा.

मला हसू आलं, तरी खडसावलंच. “मावशी, उद्या दादा बघायला येणार आहे. तुमची इथली जागा त्याच्यावरच ठरणार. मशीनला अजिबात हात लावायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी मावशी पदर खोचून, अंग चोरून, लांबून वळसा घालत होत्या. दादा दुपारपर्यंत बघत राहिला. कोबॉट एकदाही थांबला नाही. मी खुशीत होते.

“चांगलं चाललंय,” दादा म्हणाला. “माणूस लांब राहिलं की कुठं अडत नाही. मग जाळीतलाच घेऊ की, वेग तरी मिळेल.”

मला दादाचा राग आला, आणि त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं याचा त्याहून जास्त.

तो गेल्यावर मावशी जवळ आल्या. चेहरा खुललेला. “ताई, येकदाबी हात लावला न्हाई म्या. झालं न्हवं मनासारखं?”

“झालं, मावशी,” मी म्हणाले. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.