चार पानी सिलॅबस

माझी मुलगी लोसालिने शाळेत इतके प्रश्न विचारायची की तिचे मास्तर एकदा चर्चच्या दारात मला म्हणाले, "हिला एखादा दिवस घरी ठेवा. आम्हालाही विसावा मिळेल." मी एकतीस वर्षं टोंगा बेटांवर, नुकुअलोफा बंदराच्या धक्क्यावर पोती उतरवली. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी ती पहिली. तिला शिक्षिका व्हायचं होतं, आणि त्यासाठी इतिहासाचा विषय सुटणं भाग होतं.

पहिल्या दिवशी तिने इतिहास शिकवणाऱ्या मोआला मॅडमचा सिलॅबस घरी आणला. चार पानं. मी चष्मा लावून सगळी वाचली. उशिरा आलेला निबंध घेतला जाणार नाही. कारणं ऐकली जाणार नाहीत. मुदत वाढवून मागू नये. ठरलेल्या वेळेशिवाय खोलीचं दार वाजवू नये. काय शिकवणार ते शेवटच्या पानावर, सहा ओळींत.

"बाई कडक दिसतात," ती म्हणाली.

"चांगलंच आहे. बोटही कुणासाठी थांबत नाही," मी म्हणालो.

त्या वर्गात ती मागच्या बाकावर बसू लागली. आज काय विचारलंस, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाली, "तिथे विचारायचं नसतं, बाबा."

निबंध मात्र तिने धक्क्यावरच्या म्हाताऱ्या हमालांवर घेतला. अकरा जणांना घरी जाऊन भेटली. दोनदा हाताने लिहून काढला. काम कसं करतात ते मला कळतं. तिने केलं होतं.

शेवटचं पान राहिलं होतं आणि माझी थोरली बहीण सिउलोलो वारली. आमच्याकडे आत्येच्या वरचं माणूस नाही. तिच्या मयतीत भावाच्या मुलांनी अंगाहून मोठी फाटकी चटई कमरेला गुंडाळून मागच्या अंगणात राबायचं, पुढे यायचं नाही. लोसालिनेने दहा दिवस सुरण सोलला, जमिनीत खणलेल्या भट्टीचे दगड तापवले, भांडी घासली. मुदत सातव्या दिवशी संपली. अकराव्या दिवशी तिने शेवटचं पान लिहिलं.

"मॅडमना जाऊन सांगू का?"

"कागदावर काय लिहिलंय?"

"मागू नये."

"मग? मोठ्या माणसाने लिहून दिलंय. भीक मागायची नाही."

ती पुन्हा वर्गात गेली नाही. ऑगस्टमध्ये फळतोडणीच्या टोळीबरोबर ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडला गेली.

सप्टेंबरात मोआला मॅडम घर शोधत आल्या. मुलगी न सांगता कुठे गेली, म्हणाल्या. मी सांगितलं. मॅडम खालच्या चटईची कड चाचपत बसल्या.

"अहो, घरात मयत होती तर मी दोन आठवडे दिले असते. दरवर्षी देते. निम्मा वर्ग येऊन मागतो."

"मग तसं लिहीत का नाही?"

"मला शिकवणाऱ्यांचा कागद असाच होता. मी तोच छापत आले. भीती घातली नाही तर पोरं लिहीत नाहीत, असं वाटायचं."

मी निबंध आणून दिला. त्यांनी तो तिथेच पूर्ण वाचला. माझ्या वर्गात इतकं काम कुणीच केलं नव्हतं, म्हणाल्या. निकाल लागून गेला होता. पुढच्या वर्षी तिला पुन्हा पाठवा, सिलॅबस नवा लिहीन, असं सांगून गेल्या.

रविवारी मी फोनवर लोसालिनेला हे सगळं सांगितलं.

"म्हणजे नुसतं विचारायचं होतं?"

"हो. चूक माझी. तू विचारलं होतंस."

मग मीच पुढे म्हणालो, "परत ये. अर्ज मी आणतो."

"राहू दे, बाबा. इथला मुकादम ओरडतो, पण ओरडायच्या आधी विचारतो, बरं नाही का, पाणी प्यायलीस का. मला इथे बोलता येतं."

पुढच्या हंगामासाठीही तिने सही केली आहे.