सासऱ्यांचा तोफगोळा आणि माझी हातोडी

खंडेनवमीला नाशिकच्या अंबडमधलं माझं वर्कशॉप सकाळीच बंद होतं. लेथला झेंडूचा हार घातला, पेढे वाटले, की दिवस मोकळा. यंदा तो सासऱ्यांनी मागून घेतला. "जावईबापू, लोखंडातलं तुम्हाला कळतं. या आन् एकदाचं सांगून टाका."

चांदवडजवळ, किल्ल्याखालच्या त्यांच्या मळ्यात नांगराला एक लोखंडी गोळा लागला होता. नारळाएवढा, वर ना आकडा, ना अक्षर. पोलीस तपासून गेले, भरीव आहे म्हणाले. (तुम्हाला असं काही सापडलं तर हात न लावता आधी पोलीस, माझ्यासारखे शहाणे नंतर.) तेव्हापासून सासरे, म्हणजे आमचे मामा, वस्तीभर सांगत होते, "आमचे खापरपणजोबा वर किल्ल्यात तोफेवर गोलंदाज. त्यांचाच हा." आज शस्त्रपूजेत तो सगळ्यांसमोर मांडायचा होता. पण शेजारचे बारकूअण्णा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. त्यांच्या मते हा कोळसा दळायच्या गिरणीतला गोळा. लोक हसायला लागले होते. मामांची अब्रू आता माझ्या हातोडीवर.

आग्रा हायवे झकास आहे, फक्त फास्टॅग भरलेला ठेवा. मिसळ ओझरच्या आधीच उरका, पुढे भूक लागली की मिळेल त्या ढाब्यावर बसावं लागतं. वडाळीभोईनंतर डोंगरांची रांग दिसायला लागली तशी बायको म्हणाली, "निकाल नीट द्या. परतीच्या गाडीत मीच असणार आहे."

ओट्यावर वस्ती जमलेली. अण्णांनी पुरावा म्हणून घरात दाराला टेकण म्हणून लावलेला गिरणीचा गोळा आणला होता. मी दोन्ही शेजारी ठेवून हातोडी मारली. अण्णांचा घंटेसारखा टणकन वाजला: घडीव पोलाद. मामांचा नुसता ठप्प: बीड, म्हणजे ओतीव लोखंड, जुने तोफगोळे याचेच. मग बोट फिरवलं. मधोमध साच्याची शिवण, एका जागी रस ओतल्याचा खुंट.

"मामा, तोफगोळाच आहे."

मामांनी मिशीवरून हात फिरवला. अण्णा गप्प बसतील असं वाटलं. कसलं काय.

"पाव्हणं, गोळा किल्ल्यावरनं सुटला ना?"

"हो, तसंच दिसतंय."

"आन् पडला," अण्णांनी मामांकडे बोट केलं, "ह्या तात्याच्या रानात. मंग तात्याची माणसं त्या दिवशी तोफंच्या मागं व्हती का म्होरं?"

ओटा खदखदला. मामांचा हात मिशीवरच थांबला. तेवढ्यात हळदकुंकवाचं ताट घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मागंच असतील. आपल्याच मळ्यावर गोळा टाकला म्हणजे ह्यांच्याच घरातला मानूस. चला, आरती घ्या."

कोणाचा का असेना, गोळ्याला झेंडू वाहिला. मांडे नव्हते, आमरस नव्हता, पण कांद्याची पात घातलेलं पिठलं असं होतं की परतीच्या गाडीत बायको निकालाचं विसरून गाढ झोपली.

दोन दिवसांनी मामांचा फोन. गोष्ट बदललेली. खापरपणजोबा आता गोलंदाज नव्हते. "वरून गोळं पडत व्हते, जावईबापू, तरी मानसानं मळा नाय सोडला!"

मला ही पहिलीपेक्षा आवडली. हिच्यावर मी हातोडी मारून बघणार नाही.