चरोद्याच्या पत्रिकावाल्या मॅडम

डॉ. संघमित्रा मॅडम आमच्या हॉस्पिटलच्या प्रमुख. तिथे भले भले डॉक्टर त्यांच्यापुढे चळाचळा कापत. जवळच्या चरोदा गावात मात्र त्यांना कोणी भीत नसे. दर रविवारी त्या तिथल्या बुद्धविहारात शिबिर घेत आणि मी, लॅबमधला प्रशांत, लोकांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेई. शोधायचा तो सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. आईबाप दोघांच्याही रक्तात अर्धा दोष असला, तर मूल जन्मभराचं दुखणं घेऊन येऊ शकतं.

"पत्रिका सोडली नं आपण? आता लग्नाआधी हे रक्त तपासणीचं कार्ड जुळवा," मॅडम सांगत.

"आली वं पत्रिकावाली, लपवा बोटं!" बाया ओरडत आणि मॅडमच आधी हसत. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, कोक ओव्हनच्या भट्टीवरच्या कामगाराची मुलगी ती. चेष्टेला काय भिणार! बावीस वर्षं एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. माझे मात्र सगळे रविवार बुडाले, म्हणून मी कुरकुरत असे.

नावं लिहायला दौलतराव असत, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या मुलीचं, भूमिकाचं लग्न मॅडमच्या मुलाशी, सिद्धांतशी ठरलं, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला! सिद्धांतच्या रक्तात अर्धा दोष होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भूमिकाचं कार्ड कोणी मागितलंच नाही. जो माणूस पहिल्या दिवसापासून रजिस्टर लिहितो, त्याच्याच घरात तपासणी राहिली असेल, हे कोणाच्या डोक्यात येणार? पण राहिली होती. पोरगी शिकायला बाहेरगावी होती आणि दौलतराव 'करू मग' म्हणत राहिले. मीही विचारलं नाही. त्याचा राग मला आजही येतो, माझाच.

नात आठ महिन्यांची झाली आणि तिचे हातपाय सुजले. दीक्षा तिचं नाव. तपासणी मीच केली. दोनदा केली, दोन्ही वेळा सिकलसेलच निघाला, मग कागद घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. भूमिका तिथेच होती.

"आई, साऱ्या दुनियेले विचारलं तुमी," ती म्हणाली. "मले कावून नाही विचारलं?"

मॅडमनी माझ्या हातातला कागद घेतला.

बातमी चरोद्यात पोचलीच. आता मॅडम कुठल्या तोंडानं येतील, असं लोक बोलू लागले. शिबिर बंद पडणार, असं मलाही वाटलं. पण रविवारी त्या आल्या. कडेवर दीक्षा होती.

"भूमिकाले विचारायचं माह्या मनात आलं होतं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "आलं होतं, अन् मी विचारलं नाही. दौलतभाऊले वाईट वाटंल म्हणून लाजले. ती लाज आता हे लेकरू भोगून राहिलं. तुमी लाजू नका. माह्यावर रागवा, पण तपासून घ्या."

दौलतरावांनी रजिस्टर उघडलं. पहिलं नाव दीक्षाचं लिहिलं, दुसरं स्वतःचं. मग बोट माझ्यापुढे धरलं. मागे रांग लागली, कधी नव्हती इतकी लांब. एकेक जण मुकाट्यानं येऊन बोट पुढे करत होता.

त्या दिवसापासून मॅडमना कोणी पत्रिकावाली म्हणत नाही. मी दर रविवारी वाट बघतो, कोणीतरी ओरडेल म्हणून.