काढून ठेवलेलं साडीगार्ड

मोटरसायकलचं साडीगार्ड म्हणजे मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला बसवलेली लोखंडी जाळी. ती काढायला पाना लागतो, डोकं लागत नाही. मी ती काढली होती.

घटना दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे. मी अमरावतीत एका दैनिकात उपसंपादक होतो (अजूनही आहे, प्रगती हा या लेखाचा विषय नाही). घरी यायला रात्रीचे दोन वाजत. लग्नाची स्थळं येत, ही वेळ ऐकत आणि निघून जात. उरलेला उत्साह मी गाडीवर खर्च करत होतो.

पुढे क्रॅशगार्ड लावला. त्यावर दोन पिवळे फॉगलॅम्प (अमरावतीत दाट धुकं पडल्याची बातमी मी तोवर एकदाही लावलेली नव्हती). हँडलवर मोबाइल होल्डर बसवला. त्यातून मोबाइल दर गतिरोधकाला बाहेर उडी मारत असे. टाकीवर चुंबकानं चिकटणारी पिशवी घेतली. त्या पिशवीत गाडीचं घडी केलेलं चंदेरी कव्हर. मागे रुंद टायर. हा टायर साडीगार्डमुळे दिसेना, म्हणून साडीगार्ड माळ्यावर गेलं. त्याच्यासोबत बायकांनी पाय ठेवायची पट्टीही गेली. शेवटी मागची सीट उंच करून घेतली.

बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "कामाचं होतं थे काढलं, बिनकामाचं लावलं. आता इंजिन तरी राहू दे."

अशात अकोल्याचं स्थळ आलं. आणलं सुमनआत्यानं. आत्या अकोल्यातच राहायची आणि भाच्याचं लग्न हे तिनं स्वतःवर घेतलेलं काम होतं. मुलगी स्नेहल, शाळेत शिक्षिका. फोनवर एकदा बोलणं झालं. बाकी सगळ्यांनी 'इतक्या उशिरा का येता' असं विचारलं होतं. तिनं विचारलं, "मग तेव्हा जेवण गरम करून कोण देतं?" मला हे स्थळ हवं होतं. पुढचा मजकूर वाचताना वाचकांनी एवढंच लक्षात ठेवावं.

आईबाबा बडनेरा स्टेशनवरून रेल्वेनं अकोल्याला गेले. मी गाडीनं गेलो. मुलीकडच्यांनी मुलासोबत गाडीही पाहावी, असा माझा विचार होता. (त्यांनी पाहिली.) आत्याला तिच्या घरून घेऊन मी मुलीकडे पोचायचं, असं ठरलं होतं.

आत्या ठेवणीतली जांभळी, जरीकाठाची साडी नेसून फाटकात उभी होती. तिनं गाडीकडे वरून खाली पाहिलं.

"यावर चढू कशी रे? शिडी देते का कंपनी?"

"आत्या, खांद्यावर हात ठेव आणि बस."

ती कशीबशी एका बाजूला बसली. मग तिचे पाय हवेत काहीतरी शोधू लागले.

"पाय कुठी ठेवू?"

"असेच राहू दे. जवळच तर जायचंय."

"असेच? मी का झोक्यावर बसून राहिली?"

मी गाडी सुरू केली. मुलीच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक होता. तिथे मी नियमाप्रमाणे वेग कमी केला. मोबाइल होल्डरमधून उडाला. तो झेलायला मी डावा हात पुढे केला, मला धरून बसलेल्या आत्यानं पदर धरलेला हात सोडून माझी कॉलर पकडली, आणि सुटलेला पदर रुंद टायरकडे गेला. गाडी गचकन थांबली. आत्या उतरली असं म्हणता येणार नाही. ती रस्त्यावर उभी आढळली. इजा काहीही नाही. मात्र साडीचा मोठा भाग चाकात होता आणि चाक तो परत द्यायला तयार नव्हतं.

"अवो माय! माही साडी!"

समोरच एका शिंप्याचं दुकान होतं. रफीकभाई कात्री घेऊनच बाहेर आले. त्यांनी चाक मागेपुढे करून पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं.

"मौसी, काटना पडेगा. काठ बचाऊँ के गाडी का वायर?"

"काठ वाचव बापा! गाडी गेली उडत!"

त्यांनी काठ वाचवला. (सीटखालच्या बॅटरीपर्यंत ओढलेली फॉगलॅम्पची वायर गेली. धुकं नसल्यानं कुणाचं अडलं नाही.) पण काठ वाचला तो चाकातून सोडवलेल्या तुकड्याचा. आत्याच्या अंगावर उरलेली साडी कमरेपासून वर काही जात नव्हती. तिनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"आत्या, आपण घरी जाऊ. त्यांना फोन करून सांगतो."

"काय सांगतं? पोरगं गल्लीत आलं अन् वापस गेलं म्हनून? पुन्हा कोनी दारात उभं करन का तुले?" तिची नजर टाकीवर गेली. "त्या पिशवीत काय हाये?"

पिशवीत कव्हर होतं.

गाडीच्या कव्हरला खालून इलॅस्टिक असतं आणि वर आरशांसाठी दोन खिसे. रफीकभाईंनी डोक्यासाठी एक गोल कापून दिला. आरशांच्या खिशांत आत्याचे दोन कोपर नेमके बसले. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ' लिहिलेलं होतं. अशा वेशात माझी आत्या ताठ मानेनं, मागे न पाहता, मुलीच्या फाटकातून आत शिरली. मागून मी गाडी ढकलत आलो.

अंगणात मुलीचे वडील वसंतराव स्वागताला उभे होते. त्यांनी आत्याला नमस्कार केला. (आत्यानंही केला, खिशांतून.) मग त्यांनी माझ्याकडे न पाहता मागच्या चाकाकडे पाहिलं. तिथे अजून जांभळे धागे लोंबत होते.

"साडीगार्ड कुठी हाये?"

"काढलं."

"काहून?"

"टायर दिसत नव्हता."

वसंतरावांनी टायर एकदा नीट पाहून घेतला. "तुमच्याकडे टायर पाहाले येतेत का लोकं?"

दारात हिरव्या रेशमी साडीत स्नेहल आली. तिला सगळ्या वस्तुस्थितीचा अंदाज एका नजरेत आला. हसू दाबत ती म्हणाली, "आत्या, तुम्ही आधी आत चला बरं."

मी दिवाणावर आईबाबांशेजारी जाऊन बसलो. बाबा हळूच म्हणाले, "सुमनच्या अंगावर थे तुह्या गाडीचं पांघरूण होतं का?" मी मान खाली घातली. ती खालीच ठेवली. मुलीला विचारायचा एक प्रश्न मी अमरावतीपासून घोकत आलो होतो, तो पुन्हा मनात म्हणून पाहिला.

थोड्या वेळानं आतून बांगड्या वाजल्या. हिरव्या रेशमी साडीच्या निऱ्या दिसल्या. चहाचा ट्रे समोर आला. मी मान वर न करता, शक्य तितक्या मऊ आवाजात विचारलं,

"तुम्हाला वाचनाची आवड आहे का?"

"तुह्या बापाले विचार!" आत्या म्हणाली.

झालं होतं ते असं. स्नेहलनं दाखवण्याच्या कार्यक्रमासाठी नेसलेली साडी सोडून आत्याला नेसवली आणि स्वतः रोजचा पंजाबी ड्रेस घातला. आत्याला रिकाम्या हातानं बाहेर यायची सवय नसल्यानं ट्रे तिनं उचलला. सगळी बैठक हसत होती. बाबांचा चहा बशीतून सांडला. वसंतराव डोळे पुसत होते. मी मात्र स्थळ गेल्याची बातमी मनातल्या मनात लिहून पूर्ण केली होती. फक्त मथळा बाकी होता.

तेव्हा स्नेहल समोर येऊन बसली आणि म्हणाली, "साडीगार्ड विकलं की आहे?"

"माळ्यावर आहे."

"मग बसवून घ्या."

एवढंच. होकार असाही येतो, हे मला आत्यानं कोपर मारल्यावर कळलं.

ती गाडी अजून माझ्याकडे आहे. होल्डर गेला, फॉगलॅम्प गेले, चुंबकाच्या पिशवीतलं चुंबक आमच्या लेकीनं फ्रिजला लावलं. साडीगार्ड तेवढं आहे, थोडं गंजलेलं. स्नेहल स्वतःच्या स्कूटरनं शाळेत जाते. त्या साडीगार्डला गेल्या कित्येक वर्षांत साडी दिसलेली नाही. आत्या आता थकली, गाडीवर बसत नाही. ते चंदेरी कव्हर तिनं परत दिलंच नाही. उन्हाळा संपला की ती ते कूलरवर चढवते आणि म्हणते, "सुहासनं जन्मात एकच कामाची वस्तू घेतली."

ऑफिसातली नवी पोरं गाडी घेतली की मला विचारतात, "सर, काय काय लावून घेऊ?" मी सांगतो, कंपनीनं फुकट दिलेलं काढू नका. ती हसतात.

परवा त्यांच्यातला एक घरी जेवायला आला होता. त्यानं स्नेहलला सरळच विचारलं, "मॅडम, इतकं सगळं होऊन तुम्ही सरांना हो का म्हणालात?"

"सरांना कुठे?" ती वाढता वाढता म्हणाली. "त्या कव्हरात ताठ मानेनं येणाऱ्या आत्याबाई पाहिल्या आणि ठरवलं, याच घरात जायचं. हे त्यांच्यासोबत ॲक्सेसरी म्हणून आले."