चांदीच्या नावावर दुसरीचं रक्त

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही — नवऱ्यापाशीही नाही. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे.

पशुवैद्यक शिकत होते. रत्नागिरीजवळच्या एका वाडीत दुभत्या गाईंचं रक्त घ्यायचं — गाभण असताना, व्याल्यावर, पुन्हा माजावर आल्यावर — आणि त्यातली एन्झाइम्स मोजायची. काही वाढली की ओळखायचं, यकृतावर ताण आहे. वनिताकाकींची चांदी माझ्या यादीत होती. काकींचं घर तिच्याच दुधावर चालायचं.

चांदीला आठवा संपत आला होता. तिच्या रक्ताची नळी मी तशीच स्कूटीच्या डिकीत टाकली — बर्फाचा डबा न्यायचा कंटाळा, दुसरं काय! कातळावरच्या रस्त्याने रक्त घुसळून निघालं. वर सुटणारं पिवळसर पाणी लालभडक झालं. असल्या नमुन्याचा आकडा खोटा येतो. परत जाऊन रक्त घ्यायला हवं होतं. पण मागच्या खेपेला सर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "रक्त आणलंत की कोकमाचं सार?" पुन्हा ते ऐकून घ्यायचं? शेजारच्या गाईची नळी पाठीवरच्या सॅकमध्ये होती म्हणून धक्क्यांतून वाचली होती; मी तिचंच रक्त दोन नळ्यांत वाटलं, एकीवर चांदीचं नाव घातलं. आकडे छान आले. काकींना सांगितलं, "ठणठणीत आहे."

चांदी व्याली. काकींनी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर चिकाचा खरवस पाठवला, मागोमाग फोन. "पोचला काय गो? चांदी कालपासून चाऱ्याला तोंड लावत नाय. पण तू म्हणालीस रगत बरा हाय, म्हणून डॉक्टरला नाय बोलावला."

तेव्हा तरी तोंड उघडायचं ना! पण डॉक्टर आला तर रक्त तपासेल, माझं बिंग फुटेल — एवढंच डोक्यात आलं. म्हटलं, "होईल बरी, काकी." आणि खरवस खाल्ला. सगळा.

तिसऱ्या दिवशी चांदी गेली. डॉक्टर वेळेवर आला असता तर वाचली असती? असती कदाचित. मी ते होऊच दिलं नाही. लाज वाटते — अजून, रोज.

पुढच्या फेरीला वाडीत गेले, तर काकींनीच हाक मारून बसवलं. वासराला बाटलीने पाजत होत्या. म्हणाल्या, "तू तपासलंस, तेवढा तरी समाधान." मग चुलीकडे वळून, जरा ओशाळून — "कोरा चहा चालंल ना गो?"

चालेल, म्हटलं. आणि प्यायले.