ग्रोन्यार

नवऱ्याच्या नोकरीमागून टोकियोत आले, तेव्हा पुण्यात शिकलेलं फ्रेंच इथे पोटापाण्याला उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पण आम्ही राहायचो त्या निशी-कसाईहून चार स्टेशनांवर युद्धाचे कॉम्प्युटर गेम करणारी एक कंपनी होती. तिथे मी फ्रेंच मजकूर तपासायचे.

एका गेममध्ये ‘ग्रोन्यार’ असा शब्द आला. मीटिंगमध्ये मला अर्थ विचारला. म्हटलं, कुरकुर करणारा. नेपोलियनच्या जुन्या, मुरलेल्या शिपायांना हे नाव पडलं होतं. चिखल, थंडी, शिळा पाव, सगळ्याच्या नावानं कुरकुरायचे आणि तरी पुढे चालायचे. शिवी नव्हे, कौतुकाचा शब्द. हल्ली जुनेच गेम बरे म्हणणाऱ्या खेळाडूंनाही लावतात.

गेमचं काम आता पुण्याला जायचं होतं; ते ताब्यात घ्यायला तिथून आलेल्या इंजिनिअरांपैकी एकजण हळूच म्हणाला, “मग आमचा अख्खा ग्रुप ग्रोन्यारच की, ताई!”

“आधी लढाया मारा, मग कुरकुरा,” मी म्हटलं.

ज्यांच्याकडून काम घ्यायचं होतं ते जपानी गृहस्थ समोरच बसले होते. पन्नाशी उलटलेले. गेमचा मूळ प्रोग्राम त्यांचा. मीटिंग संपल्यावर त्यांनी मला विचारलं, “कुरकुर करूनही त्या शिपायांना सैन्यात ठेवलं?”

“ठेवलं. लढाई त्यांच्याच जिवावर चालायची.”

पुढच्या मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर म्हणाले, “एवढ्या मुदतीत हे शिकवून होणार नाही. घाई केलीत तर गेम बिघडेल.”

खरंच होतं. पण जपानी ऑफिसात असं आधी एकेकाच्या टेबलापाशी जाऊन सांगायचं असतं, भर मीटिंगमध्ये नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. साहेबांनी दातांतून हवा ओढली, “अवघड आहे” म्हणाले, म्हणजे तिथलं ‘नाही’, आणि पुढचा विषय घेतला.

सोमवारी त्या गृहस्थांचं टेबल खिडकीपाशी गेलं. कॉम्प्युटर नाही, फोन नाही. जपानात माणसाला काढत नाहीत, तो स्वतःहून जाईपर्यंत असा बसवून ठेवतात. आमचा तो पुण्याचा इंजिनिअर एकदा अडलं म्हणून त्यांच्याकडे गेला. ते उठून उभे राहिले आणि वर्तमानपत्राच्या कडेला आकृत्या काढत भराभर समजावू लागले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, अगदी नम्रपणे, की त्यांना कोणी त्रास देऊ नये.

उन्हाळ्याआधी त्यांनी राजीनामा दिला. रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या टेबलावर एकेक बिस्किट ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि गेले.

“ताई, गेममधलं सैन्य पुलावरच अडकतंय,” इंजिनिअर म्हणाला. “आता कुणाला विचारू?”