कांता खोब्रागडेची टर्की

कांता खोब्रागडेनं नायगारा पाहिला होता तो पाठमोरी उभी राहून, कारण वारा समोरून होता आणि गॅसची शेगडी विझत होती. यलोस्टोनमधला तो प्रसिद्ध झरा उसळला तेव्हा ती पुऱ्या लाटत होती. डोकं वर केलं तोवर वाफसुद्धा विरली होती. एमएस्सी झालेली बाई, मिनियापोलिसच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पंधरा वर्षं जंतू ओळखत बसलेली, हाताखाली चार माणसं. पण सुट्टी आली की कुटुंबाला तिच्या अंगात एकच गुण दिसायचा.

टर्की या रानपक्ष्याच्या शिकारीचं वेड तिला लॅबमधल्या मार्लीननं लावलं. मार्लीन दर वसंतात चार दिवस गायब व्हायची आणि परत यायची ती तजेलदार होऊन. "करतेस काय तिथं?" कांतानं एकदा विचारलं.

"झाडाला टेकून बसते. हलायचं नाही, बोलायचं नाही. बोललं की पक्षी पळतो."

"म्हणजे कुणी तुला काही विचारत नाही?"

"चार तास कुणी नाही."

झालं. कांतानं त्याच आठवड्यात बंदूक चालवायच्या वर्गात नाव घातलं. नराला बोलवायला मादी टर्कीचा आवाज काढायची एक लाकडी डबी मिळते, झाकण कडेवर घासलं की आवाज निघतो. ती घेऊन बाई रोज तळघरात वॉशिंग मशीनशेजारी बसायला लागली. महिन्याभरात तिचा आवाज असा जमला की शेजारचा कुत्रा कुंपणाशी येऊन भुंकायचा. तिचा नवरा ईश्वर यानंही डबी घासून पाहिली. दाराच्या बिजागरीला तेल हवं, एवढंच त्यातून कळलं.

१९८६ साली मिनेसोटाच्या शिकार-परवान्यांच्या सोडतीत तिचा नंबर लागला नाही. मिझुरीत मात्र परराज्यातल्या माणसालाही परवाना सरळ दुकानात मिळत होता. कांतानं स्वतःसाठी आणि, बरं दिसावं म्हणून, ईश्वरसाठीही परवाना काढायचं ठरवलं. त्यांची सतरा वर्षांची मुलगी लतिका नुसती बघायला येणार होती.

ट्रिप ठरली म्हटल्यावर ईश्वरनं कागद-पेन्सिल घेऊन ताबा घेतला. तो इंजिनिअर, स्वस्तात काय बसेल हे शोधण्यात त्याला शिकारीपेक्षा जास्त मजा. झाडीत मिसळून जाणारे नवे शिकारी कपडे नकोत, म्हणून जुन्या चादरी हिरव्या-तपकिरी रंगात बुडवून कांतानंच तिघांच्या विजारी शिवल्या. मग तिनं मार्लीनचे नियम वाचून दाखवले. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको. नर टर्कीचं डोकं त्याच रंगांचं असतं, दुसरा शिकारी चुकून आपल्यावरच गोळी झाडेल.

ईश्वरनं गळ्यातला निळा मफलर चाचपला. नुकत्याच झालेल्या चौदा एप्रिलच्या कार्यक्रमापासून तो त्याच्या गळ्यातच होता. "ज्या जंगलात निळा चालत नाही, तिथं मी कशाला जाऊ?"

"अहो, घडी करून बॅगेत ठेवा. चळवळीला दोन दिवस काही होत नाही."

"पप्पा, प्लीज, आय डोन्ट वॉन्ट यू टु गेट शॉट," लतिका म्हणाली, आणि मफलर बॅगेत गेला.

भांडण झालं ते उतरण्यावरून. कांताला मोटेल हवं होतं. ईश्वरनं कपाटातून मराठी लोकांची डिरेक्टरी काढली. "आपली माणसं असताना मोटेल कशाला?"

"आपली माणसं म्हणजे बायका स्वयंपाकघरात आणि पुरुष सोफ्यावर. मला शिकारीला जायचंय."

"तुला कोण स्वयंपाक करायला लावतंय? मी सांगतो ना त्यांना."

त्यानं तीन फोन केले. पहिल्या दोघांनी आधी "या की!" म्हटलं, मग आडनाव विचारलं, मग दोघांकडेही नेमके त्याच तारखांना पाहुणे निघाले. ईश्वरनं त्या नावांपुढं शांतपणे फुल्या मारल्या. तिसरा फोन वीणा नावाच्या बाईनं घेतला. ती आडनाव ऐकून म्हणाली, "म्हणजे तुम्ही नागपूरकडचे! मग तर आलंच पाहिजे." एवढ्यावर कांताचा विरोध संपला. चांगल्या माणसाला नाही म्हणणं तिलाही जमेना. तीच चूक झाली.

आठ तास गाडी हाकून ते पोचले तेव्हा वीणाच्या घरासमोर नऊ गाड्या उभ्या होत्या. तुम्ही येणार म्हणून चार लोकांना बोलावलंय, असं वीणा म्हणाली. चार म्हणजे बावीस निघाले. शिकार पहाटे असते, साडेचारला निघायचं, हे ईश्वरनं सांगितलं, पण इतक्या संकोचून की वीणाचा नवरा प्रसन्न याला ती गंमत वाटली. पहाटे कांता तयार होऊन जिन्यावर आली तर खाली कांदा चिरल्याचा वास. उपाशीपोटी पाहुण्यांना घराबाहेर सोडायची वीणाच्या घरी रीत नव्हती. पोहे झाले, दुसऱ्यांदा चहा झाला, प्रसन्ननं पुण्याच्या कॉलेजातल्या आठवणी काढल्या. ते जंगलात पोचले साडेनऊला. टर्कीचे नर जे काय ओरडायचे ते ओरडून गेले होते. ईश्वर मात्र पंगतीला बोलावल्यासारखी डबी घासत राहिला आणि मधूनमधून कुजबुजून विचारत राहिला, "दिसला का गं?" एक वाजता शिकारीची वेळ संपली.

एकच सकाळ उरली होती.

त्या संध्याकाळी ईश्वर सोफ्यावरून म्हणाला, "उद्या दुपारी कांताच्या हातचं वऱ्हाडी मटण खाऊ या सगळ्यांनी. बोटं चाटाल."

स्वयंपाकघरातून वीणा ओरडली, "अय्या, खरंच? मग मी सगळ्यांना परत बोलावते!"

कांतानं लतिकाला हाक मारून तिच्याकरवी गाडीच्या किल्ल्या मागवून घेतल्या.

पहाटे चारला ती मोजे हातात धरून खाली उतरली. वीणा ओट्याशी उभी होतीच. "कांताताई, मटण फ्रीजबाहेर काढून ठेवलंय. वाटण आधी करायचं का?"

"वीणा, मी शिकारीला चाललेय."

"म्हणजे... आणि मटण?"

"मटण ईश्वर करतील. कबूल त्यांनी केलंय."

आवाजानं ईश्वर खाली आला, पायजम्याची नाडी बांधत. "अगं, असं काय करतेस? बावीस माणसं येणार. काय म्हणतील लोक?"

"तुम्ही होस्टेलवर स्टोव्हवर मटण करायचात, लग्नाआधी दहादा सांगितलंत. आता करून दाखवा. तिखट बेतानं घाला."

"कांता, दोन मिनिटं बस तरी. पोहे खा."

"पोहे खाल्ले की साडेनऊ वाजतात."

वीणा एकदा ईश्वरकडे, एकदा मटणाकडे बघत होती. मग तिनं कांद्यांची परडी उचलली आणि ईश्वरच्या पुढ्यात ठेवली. "भावोजी, बारीक चिरा," ती म्हणाली. प्रसन्नच्या घरी असलं काही आजवर झालं नसावं, कारण तो जिन्यातच थांबला आणि परत वर गेला.

जंगलात अंधार होता आणि गवत ओलं. ओकच्या जाड बुंध्याला टेकून कांता बसली, शेजारी लतिका. उजाडायला लागलं तसा लांबून, टेकाडापलीकडून, नराचा गडगडल्यासारखा आवाज आला. लतिकानं आईचा दंड पकडला. कांतानं डबी तीनदा घासली आणि खाली ठेवून दिली. पुन्हा घासायचा मोह झाला. तिनं हात मांडीखाली दाबला. अर्धा तास काही नाही. मुंग्या बुटावर चढल्या. लतिकाचं नाक गळायला लागलं, ते तिनं चादरीच्या विजारीला पुसलं. कुणी कुणाला काही विचारलं नाही.

मग तो आला. शेपटीचा पंखा फुलवून, पंख जमिनीला घासत, लग्नाच्या वऱ्हाडातल्या एखाद्या मामासारखा ऐटीत. तीस पावलांवर थांबून त्यानं मान उंच केली. कांतानं नेम धरला आणि घोडा ओढला.

आवाज विरल्यावर ती बराच वेळ उठली नाही. वाईट वाटलं का? वाटलं थोडं. आणि कडाडून भूक लागली होती.

"आई," लतिका कुजबुजली, "यू डिड इट."

"मोठ्यानं बोल. आता चालतं."

मारलेला पक्षी सरकारदरबारी नोंदवायची जागा म्हणजे गावातलं एक गॅस स्टेशन. तिथल्या म्हाताऱ्यानं टर्की काट्याला लटकवली. वीस पौंडांवर थोडी भरली. त्यानं फॉर्म ओढला आणि दारातून बाहेर गाडीकडे पाहिलं. "मिस्टर कुठं आहेत? सही लागेल."

"पक्षी माझा आहे. परवाना माझा आहे."

त्यानं परवाना वाचला, तिच्या चादरीच्या विजारीकडे पाहिलं आणि फॉर्म तिच्यापुढं सरकवला. खोब्रागडे हे नाव त्याच्या रकान्यात मावेना. कांतानं ते समासात जाऊन पुरं लिहिलं.

रस्त्यापलीकडे एक छोटं हॉटेल उघडं होतं. दोघींनी अंडी, बटाटे आणि पॅनकेक मागवले. नऊसुद्धा वाजले नव्हते.

"पप्पांना फोन करायचा?" लतिकानं विचारलं. "ही मस्ट बी डाइंग देअर."

"बारापर्यंत नको," कांता म्हणाली. वाढणारी बाई कॉफीचं भांडं घेऊन आली, तेव्हा कांतानं बसल्या जागेवरून कप पुढं केला.